किल्ल्याचा बेत

दिवाळी अंकांतून कथेची समीक्षा येते, कवितेची येते, नाटकाची तर आवर्जून येते. फराळाची समीक्षा छापली जात नाही, तरी ती घरोघर चालते, आणि छापील समीक्षेहून ती पुष्कळच परखड असते. चकली वातड झाली किंवा अनारसा हसला, की त्याची वार्ता चार घरे फिरून येते. अंगणातल्या मातीच्या किल्ल्याकडे मात्र कोणी समीक्षकाच्या नजरेने पाहत नाही. येणारा पाहुणा जोडे काढता काढता खाली बघतो, “वा, छान केलाय हं!” म्हणतो आणि आत लाडवाकडे वळतो. मुलांनी चार दिवस गुडघे चिखलात रोवून जे उभे केले, त्याच्या वाट्याला येणारा अभिप्राय एवढाच. ज्या कलाकृतीचे केवळ कौतुक होते, तिला आपण मनातून कलाकृती मानलेलेच नसते. म्हणून यंदा या पानांवर किल्ल्याची समीक्षा करावी, असे मी योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. किल्ल्याची ही चाल पुण्या-साताऱ्याकडे जशी घरोघर दिसते, तशी ती आमच्या खानदेशात नाही. पण म्हणून खानदेशी मुलांचे हात मातीवाचून राहतात असे कोणी समजू नये. आमचे वर्ष मातीतूनच फिरते. श्रावण सरता सरता पोळ्याचे बैल येतात. मागोमाग गणपती येतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मुली गुलाबाई मांडतात. शंकर-पार्वतीचे ते मातीचे जोडपे कोजागिरीपर्यंत घरात राहते, रोज संध्याकाळी गाणी होतात आणि झाकलेल्या डब्यात खिरापत कसली आहे ते ओळखण्याची चढाओढ लागते. गुलाबाई उठली, की तीच बोटे किल्ल्याकडे वळायला मोकळी होतात.

पण तापीखोऱ्याची काळी माती किल्ल्याला अनुकूल नाही. कपाशीला आणि केळीला ती मायेची. ओली असताना लोण्यासारखी हाताला लागते आणि वाळली की आकसते. पाडव्याला बांधलेल्या बुरुजाला भाऊबिजेपर्यंत बोट जाईल एवढी भेग पडते. जाणती माणसे मग गावठाणातली पांढरी माती सुचवतात. याच पांढरीने आमच्याकडच्या धाब्याच्या घरांवर छत घातले जाई आणि गावोगावच्या गढ्या याच मातीने चढवल्या. म्हणजे पुण्याच्या अंगणातला मातीचा रायगड ही दगडाची नक्कल असते, तर खानदेशातल्या मुलाने पांढरीची गढी केली की खऱ्या वस्तूचे आणि खेळण्याचे द्रव्य एकच होते. शिल्पकलेत ज्याला आपण द्रव्याशी इमान म्हणतो, ते येथे अनायासे साधते. पण ही संधी फार थोडी मुले घेतात. जळगावचा मुलगा काय आणि धुळ्याचा काय, पुस्तकातले चित्र समोर ठेवून रायगड किंवा प्रतापगडच करू पाहतो. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतला साल्हेर आमच्या शेजारी बागलाणात आहे, पण जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतला एकही नाही. तेव्हा आपल्या लळिंगाकडे, सोनगीरकडे, पारोळ्याकडे मुलांचे लक्ष जावे तरी कसे?

आता गुणदोषांकडे वळू. किल्ल्याचा पहिला आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणाला न दिसणारा दोष म्हणजे मापाचा. बाजारातला मावळा साधारण तीन इंचांचा असतो. साडेपाच फुटांचा माणूस तीन इंचांचा झाला, म्हणजे सारी सृष्टी बाविसाव्या हिश्शाने लहान झाली. पण आपल्या किल्ल्याचा दरवाजा त्याच मावळ्याच्या कमरेला लागतो, आणि महाराजांचे सिंहासन बालेकिल्ल्याहून मोठे असते. मोठ्यांना यात गोड निरागसता दिसते. मला वाटते, यात निरागसता नसून घाई आहे. मुलाला माप समजते. पतंगाची कामटी आणि कागद यांचे प्रमाण तो आपल्यापेक्षा अचूक जाणतो. किल्ल्याचे माप त्याला कोणी विचारलेलेच नसते, एवढेच.

दुसरा दोष वाटेचा. आपल्या किल्ल्यात एकच वाट असते. ती पायथ्यापासून निघते, रांगोळीच्या पुडीने रंगते आणि थेट सिंहासनापाशी जाते. खऱ्या किल्ल्यात सरळ वाट हा शत्रूला दिलेला नजराणा ठरला असता. दरवाजा बुरुजाच्या आड लपलेला असतो, वाट वळणे घेते, आणि प्रत्येक वळणावर चढणाऱ्याची उघडी कूस वरच्या माणसाच्या माऱ्यात येते. पाणी कोठून येते, धान्य कोठे साठते, रात्री दरवाजा लागल्यावर बाहेर राहिलेल्या माणसाचे काय होते, हे प्रश्न ज्या किल्ल्याला पडत नाहीत तो किल्ला म्हणजे हिरव्या अळिवाने सजवलेला देव्हारा झाला. देव्हाऱ्याला माझा विरोध नाही. परंतु त्याला किल्ला म्हणू नये.

तिसरा मुद्दा दोषाचा की गुणाचा, हे ठरविणे अवघड आहे, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तोच आहे. आपल्या दिवाळीच्या किल्ल्याला शत्रू नसतो. मावळे पहारा देतात, तोफा तोंड वासून असतात, भालदार-चोपदार उभे असतात. पण समोर कोणीच नसते. रांगोळीच्या पलीकडे सुरू होते ते आपले अंगण आणि शेजाऱ्यांची सायकल. हा किल्ला लढाईचा नव्हे, दरबाराचा आहे.

जगातल्या इतर देशांत छोट्या शिपायांचा जो खेळ वाढला, तो नेमका याच्या उलट आहे. तसे पाहिले तर त्या खेळाचा मूळपुरुष आपल्याकडचाच. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर मांडणारे चतुरंग भारतात जन्मले आणि जगभर बुद्धिबळ होऊन फिरले. पण पटावरचा हत्ती हत्तीसारखा चालत नाही आणि पटाला डोंगर-ओढे नसतात. ती उणीव प्रशियातल्या राइसवित्झ नावाच्या पितापुत्रांनी भरून काढली. वडिलांनी १८१२ साली प्रशियाच्या राजासाठी एक मेज तयार केले. त्याच्यावर जमिनीचे उंचसखल तुकडे हवे तसे मांडता येत. मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापले आणि खेळ मेजावरून नकाशावर आणला. त्यात दोन पक्षांच्या मध्ये एक पंच असे. खेळणाऱ्याने आपला हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यायचा, आणि रणांगणावरच्या सेनापतीला जेवढे कळले असते तेवढेच पंचाने त्याला उलट सांगायचे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो खेळ रूढ झाला.

दिवाणखान्यात हा खेळ आणला तो एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने. १९१३ साली त्याने ‘लिटल वॉर्स’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. वेल्स हा परग्रहावरच्या स्वाऱ्यांच्या कथा लिहिणारा जगप्रसिद्ध माणूस. पण या पुस्तकात तो गालिच्यावर पालथा पडलेला दिसतो. शिशाचे शिपाई, लाकडी गोळा फेकणारी कमानीची पितळी तोफ, ठोकळ्यांची घरे आणि बागेतून तोडून आणलेल्या डहाळ्यांचे रान, एवढे त्याचे साहित्य. खेळाचा आरंभ झाला तो एक मित्र जेवायला आला असताना. जेवण झाल्यावर त्या मित्राने सहज तोफ उचलून एक शिपाई पाडला आणि वेल्सला आव्हान दिले. मैदानाच्या मध्यावर पडदा सोडायचा, दोघांनी आपापले सैन्य दुसऱ्याला न दिसेल असे मांडायचे, मग पडदा काढायचा, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली युक्ती. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन याचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक आले, आणि तेव्हापासून हा छंद जगभर पसरत गेला. आज इंचभर उंचीचे शिपाई रंगवीत बसणारी पोक्त माणसे देशोदेशी आहेत, आणि एखाद्या जुन्या लढाईचा बेत मित्राबरोबर वर्षभर करीत राहणे हा त्यांच्या आनंदाचा मोठा भाग असतो.

आता दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहा. वेल्सच्या खेळात मित्र समोर बसतो. आपल्या किल्ल्यात तो शेजारी बसतो. तिकडे मित्र हाच शत्रू, म्हणून तो अटळ आहे. त्याच्यावाचून खेळच नाही. इकडे मित्र चिखल कालवतो, दगड आणतो, आणि कधी कधी “हा बुरूज मी केला” म्हणून भांडतो. त्याच्यावाचूनही किल्ला होतो. फक्त उशिरा होतो. तिकडच्या खेळात दुसऱ्याचे मन ओळखावे लागते, पण निर्मितीतला सहवास कमी. कारण प्रत्येकजण आपले सैन्य आपल्या घरी रंगवून आणतो. इकडे सहवास भरपूर, पण दुसऱ्याचे मन ओळखण्याची गरज पडत नाही. कारण दोघेही एकाच तटाच्या आत. मला वाटते, दोन्ही पद्धती अर्ध्याच आहेत.

येथे माझ्या स्वतःच्या एका छंदाविषयी लिहिल्यावाचून विषय पुरा होणार नाही. मी जळगावात राहतो आणि माझा एक मित्र धुळ्यास. आमच्या मध्ये नव्वदएक किलोमीटरचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर, एरंडोल मागे टाकले की, पारोळे. तेथला भुईकोट १७२७ साली हरि सदाशिव दामोदर या जहागीरदाराने बांधला असे सांगतात. भोवती खंदक, दरवाजापुढे काढता-घालता येणारा पूल आणि दोन्ही अंगांना भक्कम बुरूज असा त्याचा थाट होता. आम्ही दोघांनी छोट्या किल्ल्याचा पहिला बेत केला तो त्याचाच, कारण दोघांनाही तेथे एस.टी.ने पोहोचता येई. नकाशा मी काढायचा, माती आणि शिपाई त्याने करायचे अशी वाटणी ठरली. त्याचा हात चांगला. इंचभर मातीत तो मुंडाशाचा पीळ दाखवतो. माझे काम कागदांचे. धुळ्याला हे काम आयतेच शोभते. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदांचा वारसा सांभाळणारे राजवाडे संशोधन मंडळ त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ साली तेथेच उभे राहिले.

आमचे बेत पुष्कळ, आणि पुरे झालेले किल्ले थोडे. परदेशातल्या छंदिष्टांचीही हीच तऱ्हा आहे. न रंगवलेल्या शिपायांनी भरलेली कपाटे हा त्यांच्यातल्या थट्टेचा नित्याचा विषय. घरची माणसे याला आरंभशूरपणा म्हणतात. पण मराठीत ‘बेत’ हा शब्द मोठा बोलका आहे. लढाईचा बेत असतो, प्रवासाचा असतो, आणि जेवणाचाही असतो. एकट्याने जेवणारा माणूस बेत करीत नाही. असेल ते वाढून घेतो. ‘आज काय बेत?’ हा प्रश्न पानावर दुसरे कोणी असल्याशिवाय उद्भवत नाही. एक पत्र जाते: खंदक किती रुंद धरायचा? उलट टपाली उत्तर येते: तुझा खंदक माझ्या जिन्यावरून खाली जाईल. अशा दहा पत्रांत दोन माणसांना एकमेकांचा स्वभाव जेवढा कळतो, तेवढा वर्षभराच्या कुशलप्रश्नांत कळत नाही. तेव्हा न झालेल्या किल्ल्यांचे बेतही मी वाया गेले असे धरीत नाही.

मात्र एक बेत असा निघाला, की त्याने आमचे सारे हिशेब तपासायला लावले. तो थाळनेरचा.

थाळनेर शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी. चौदाव्या शतकात मलिक राजा फारुकी याने येथे आपले बस्तान बसवले आणि खानदेशच्या सुलतानीचा पाया घातला. फारुकींच्या कबरी आजही तेथे आहेत. पुढच्या काळातल्या वाचकांना हे गाव मंगेशकर भावंडांचे आजोळ म्हणून ठाऊक असेल. किल्ल्याची आज बरीच पडझड झाली आहे, पण जुन्या वर्णनांवरून त्याची मांडणी डोळ्यांपुढे उभी राहते. एका अंगाला तापी, उरलेल्या तिन्ही अंगांना सुमारे शंभर ते दीडशे वार रुंदीची खोल घळ, साठएक फूट उंचीचा तट, आणि आत शिरायला वळणावळणांनी जोडलेले एकापाठोपाठ पाच दरवाजे.

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, आणि पुढच्या जानेवारीत मंदसोरला झालेल्या तहाने खानदेशातला त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉप याचे सैन्य थाळनेरपुढे आले. तह झाला होता, तरी किल्लेदार तुळशीराम याने किल्ला दिला नाही. दिवसभर तोफा चालल्या. मग बाहेरचे दरवाजे एकामागून एक मोकळे होत गेले आणि आतल्या दरवाजाशी बोलणे सुरू झाले. तेथल्या दिंडीतून काही इंग्रज अधिकारी आणि थोडे शिपाई आत गेले. आतल्या शिबंदीत अरब पुष्कळ होते. क्षणात हातघाई झाली. दोन अधिकारी ठार झाले. त्यानंतर बाहेरचे सैन्य आत लोटले आणि सुमारे तीनशे माणसांची शिबंदी कापून काढण्यात आली. त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी दिले. दिंडीत झाले ते दगाबाजी होती, की एकमेकांची भाषा न कळल्याने उडालेला गोंधळ, याचा वाद तेव्हापासूनच सुरू झाला. १८१९ साली खुद्द ब्रिटिश पार्लमेंटातही हिस्लॉपच्या या वर्तनाची चर्चा झाली.

हा किल्ला अंगणात करायचा म्हणजे काय करायचे? आधी मापाचा हिशेब पाहू. बाजारातला तीन इंची मावळा घेतला, तर साठ फुटांचा तट पावणेतीन फूट उंच होतो. ते एक वेळ जमेल. पण शंभर वारांची घळ साडेतेरा फुटांहून अधिक रुंद होते, आणि ती तिन्ही अंगांना हवी! कोणाच्याही अंगणात ती मावणार नाही. शिपाई इंचभराचा घेतला, की तट अकरा इंचांवर येतो आणि घळ साडेचार फुटांवर. माप बदलताच एक गोष्ट लक्षात येते. या चित्रात तट नजरेत भरत नाही; नजरेत भरते ती मधली मोकळी जागा. तटावरच्या माणसाला बाहेरच्याचा चेहरा दिसत नसणार, आवाज पोहोचत नसणार. शब्द कानी पडेल एवढ्या जवळ दोघे येतात ते फक्त त्या दिंडीपाशी, आणि तेथे त्यांची भाषा जुळत नाही. पुस्तकात हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता. घळीची रुंदी मोजपट्टीने मातीवर आखली तेव्हा तो मला उमगला. लहान प्रतिकृती करण्याचे समर्थन यापेक्षा वेगळे देण्याची मला गरज वाटत नाही.

मग खेळाचा प्रश्न. तीनशेंची शिबंदी आणि समोर सबंध फौज, म्हणजे जय कोणाचा ते आधीच ठरलेले. वेल्सच्या नियमांनी ही लढाई खेळणे हा वेळेचा अपव्यय होईल. त्याच्या नियमांत मारण्याचे गणित आहे, कैद होण्याचेही आहे, गैरसमजाचे नाही. ते राइसवित्झच्या पंचापाशी सापडते. आम्ही असे ठरवले, की खेळ फक्त शेवटच्या दोन दरवाजांमधला खेळायचा. एकाने आत बसायचे, एकाने बाहेर. दोघांनी चिठ्ठ्या लिहून तिसऱ्याकडे द्यायच्या, आणि तिसऱ्याने त्यांतले मोजकेच शब्द पलीकडे पोहोचवायचे, उरलेले खोडायचे. हरणे-जिंकणे काही नाही. पाहायचे एवढेच, की किती शब्द पोहोचले असते तर ती दिंडी रक्ताशिवाय उघडली असती.

कोणी कोणती बाजू घ्यायची, यावर मात्र आमचे अडले. किल्लेदार मीच होणार असे मी गृहीत धरले होते. मित्राने पत्रात लिहिले, “किल्लेदार मी होईन. तू हिस्लॉप हो. तुझा जीव किल्लेदारात गुंतला आहे, म्हणून तुला त्याच्याकडून काही शिकायचे उरलेले नाही.” मला प्रथम राग आला, इंग्रज सेनापतीच्या जागी बसून फाशीचा हुकूम लिहायचा म्हणजे काय! पण त्याचे म्हणणे खोडता येईना. आपल्या आवडत्या बाजूने बसणे हा दरबाराचा किल्ला झाला. नावडत्या माणसाच्या जागी बसून, त्याला त्या घटकेला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते ते मोजणे, हे इतिहासाचे काम आहे. त्याने क्षमा करावी लागते असे नाही. उलट हिस्लॉपच्या जागी बसून पाहिल्यावर मला वाटले, की दिंडीतला गोंधळ समजण्यासारखा आहे. पण हातघाई संपल्यावर, शांतपणे, संध्याकाळी दिलेल्या फाशीला त्या गोंधळाचे निमित्त पुरत नाही. हा निवाडा मी आधीही दिला असता. मात्र तेव्हा तो निव्वळ अभिमानाचा असता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उचित आहे. दिव्यांच्या सणात मुलांपुढे कत्तलीचा खेळ कशाला मांडावा? वेल्सपुढेही हा प्रश्न होता. त्याचे उत्तर असे, की खेळातली लढाई लढून पाहिलेल्या माणसाला खरे युद्ध किती अडाणी आणि गोंधळाचे असते हे कळून चुकते. उत्तर चांगले होते, पण दुसऱ्याच वर्षी, १९१४ साली, युरोपात महायुद्ध पेटले. खेळाने कोणाचेही शहाणपण वाढलेले दिसले नाही. तेव्हा वेल्सइतका भरवसा मी देणार नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे. नुसत्या सिंहासनाचा किल्ला मुलाला सांगतो, की किल्ले बसण्यासाठी असतात. त्या तटामागे घाबरलेली माणसे होती, त्यांना आपापली घरे होती, आणि समोरूनही माणसेच चालून येत होती, हे ज्याला दिवाळीतही सांगता येत नाही त्याला ते एरवीही सांगता येणार नाही. म्हणून आमच्या खेळात एक नियम आहे. पडलेला शिपाई पुन्हा उभा करायचा नाही. त्याला पाचव्या दरवाजाबाहेर ओळीत निजवून ठेवायचे. गुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुलीही हा नियम लगेच समजतात. त्यांना मातीच्या मूर्तीशी कसे वागायचे ते ठाऊक असते.

आता बाजारात तयार किल्ले मिळू लागले आहेत. प्लास्टरचे, रंगवलेले, उचलून ठेवायचे. आई-वडिलांना वेळ नाही, फ्लॅटला अंगण नाही; त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गॅलरीत ठेवलेल्या पाटावरही इंची शिपायांचा दरवाजा करता येतो, एवढे मात्र सुचवावेसे वाटते. मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून किल्ल्यांच्या स्पर्धाही होतात, आणि गुण बहुधा रोषणाईला व कारंज्याला मिळतात. परीक्षकांनी गुण देण्याआधी मुलांना चार प्रश्न विचारावेत. आत पाणी कोठून येते? दरवाजा याच बाजूला का? समोर कोण आहे? आणि तुमच्यात कोणत्या गोष्टीवरून भांडण झाले? चौथ्याचे उत्तर ज्यांना हसत हसत देता येईल, त्यांचा किल्ला दोघांनी मिळून केलेला आहे असे खुशाल समजावे.

यंदाचा आमचा बेत असा आहे. माती पांढरी, तीत थोडा भुसा. तट अकरा इंच. घळ दोनच अंगांना पुरती. तिसऱ्या अंगाला मित्राच्या घराचा जिना आहे आणि तो हलणार नाही. झाडांसाठी पऱ्हाटीची बारीक टोके, दोरखंडांसाठी केळीच्या सोपटाचे धागे. चार दरवाजे झाले आहेत. पाचव्याची रुंदी किती धरावी यावर पत्रे चालू आहेत. चिठ्ठ्या पोहोचवण्याचे काम मित्राच्या मातोश्रींनी पत्करले आहे. त्यांना आमच्या दोघांचेही अक्षर लागत नाही, म्हणून या कामाला त्यांच्याइतके योग्य माणूस मिळणार नाही, असे त्यांचेच म्हणणे आहे.

वाचकांपैकी कोणी दिवाळीच्या सुटीत जळगावहून धुळ्याकडे निघाले असतील, तर त्यांनी पारोळ्यास तासभर उतरावे. १८५७ नंतर इंग्रजांनी मोडतोड केलेल्या त्या कोटाभोवती मुलांना एकदा पायी फिरवून आणावे, आणि दरवाजासमोर उभे करून विचारावे, तू आत असतास तर काय केले असतेस, आणि बाहेर असतास तर? फराळाचा डबा बरोबर असावा; मुले उत्तराला वेळ लावतात.